गुलाबी नकाशा आणि भाड्याची खोली

डिसेंबर २०१६ च्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या गृह मंत्रालयानं एक संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर देशाचा नकाशा होता, फिक्यापासून गडदपर्यंत गुलाबी छटांत रंगवलेला. कुठल्या भागात मूल होण्याच्या वयाच्या बायका किती आहेत, ते त्या छटांवरून कळायचं. जन्मदर घसरतोय, तेव्हा गावागावांत चुरस लागावी, असा काहीसा त्यामागचा हेतू. बायकांचा असा काही संताप उसळला, की दिवसभरातच ते संकेतस्थळ बंद करावं लागलं.

त्यानंतर दहाएक महिन्यांनी, ९ ऑक्टोबर २०१७ ला, टीव्हीएन या केबल वाहिनीवर सोमवार-मंगळवारच्या रात्री एक प्रेमकहाणी सुरू झाली. मूळ कोरियन नावाचा अर्थ साधारण ‘हा जन्म पहिलाच आहे ना, म्हणून’ असा. आपल्याकडे ती ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’ या इंग्रजी नावानं माहीत आहे. लेखिका यून नान-जुंग, दिग्दर्शक पार्क जून-ह्वा, सोळा भाग, २८ नोव्हेंबरला समाप्त. सुरुवातीला दोन टक्क्यांच्या आसपास प्रेक्षक आणि शेवटच्या भागाला पाच टक्क्यांच्या जवळपास. केबलवरच्या मालिकेसाठी हे वाईट नाही. पण याच वाहिनीवर २०२० साली ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’चा शेवटचा भाग एकवीस टक्क्यांच्या वर गेला होता, त्याच्याशेजारी हे आकडे ठेवले की ही मालिका किती जणांच्या नजरेतून सुटली ते कळतं. याच दिग्दर्शकाची २०१८ सालची ‘सेक्रेटरी किम’ची गोष्ट आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलींनाही पाठ असते. ही मालिका मात्र नाव सांगितलं की ‘कुठली गं ती?’ असं विचारलं जातं.

मला वाटतं, तो गुलाबी नकाशा आणि ही मालिका एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. प्रश्न असा, की तिथली तरुण माणसं लग्न का करत नाहीत, मुलं का होऊ देत नाहीत. सरकारनं उत्तर बायकांच्या शरीरात शोधलं. मालिकेनं ते घराच्या दाराशी आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी शोधलं. माझ्या मते मालिकेचं उत्तर बरोबर होतं. ते हसत-खेळत, प्रेमाच्या गोष्टीतून दिलं, एवढ्याच कारणानं आपण ते गांभीर्यानं घेतलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोष्ट सुरू होते ती घर जाण्यापासून. यून जी-हो तिशीची आहे. दक्षिणेकडच्या नामहे या समुद्राकाठच्या गावातून आलेली, सोलच्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठात शिकलेली, आणि आता टीव्ही मालिकांच्या लेखकाची मदतनीस. तीन महिने दुसऱ्याच्या पटकथेवर राबून ती सोलच्या घरी परतते, तर तिथे तिची नवी भावजय. धाकट्या भावाची मैत्रीण गरोदर राहिली, लग्न झालं, आणि जी-होला कुणी कळवलंही नाही. घर आता भावाच्या संसाराचं. वडिलांच्या लेखी यात विचारण्यासारखं काही नाही. मुलगा घर चालवणार, मुलगी काय, कुठेतरी जाईलच.

ती कुठे जाणार, हा साधा प्रश्न या मालिकेचं इंजिन आहे. सोलमध्ये भाड्यानं राहायचे मुख्य दोन मार्ग. एक ‘वोल्से’, म्हणजे आधी अनामत आणि मग दरमहा भाडं. दुसरा ‘जॉन्से’. यात दरमहा भाडं नसतं. त्याऐवजी घराच्या किमतीच्या निम्मी, कधी सत्तर-ऐंशी टक्के रक्कम घरमालकाकडे एकरकमी ठेवायची, दोन वर्षं राहायचं, जाताना सगळी परत घ्यायची. मुंबईच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे एजंट ‘हेवी डिपॉझिटवर आहे’ म्हणतो, तो हाच प्रकार. फरक एवढाच, की आपल्याकडे ती एक पळवाट आहे आणि कोरियात कित्येक दशकं मध्यमवर्गाच्या घराचा पायाच त्यावर उभा राहिला. आईवडिलांकडे एकरकमी पैसा असेल तर मुलाचं लग्न, नाहीतर नाही. २०२२-२३ मध्ये घरमालकांनी हजारो भाडेकरूंच्या अनामती बुडवल्याची प्रकरणं बाहेर आली, त्यात बहुतेक तरुण होते. मे २०२३ मध्ये त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला. जी-होकडे तर बुडवून घ्यायलाही अनामत नाही.

दुसरीकडे नाम से-ही. वय अडतीस, स्वतःच्या नावावर घर आहे, आणि त्या घराचं तीसेक वर्षं फेडायचं कर्जही आहे. तो जोड्या जुळवणाऱ्या ॲपसाठी काम करतो, पण स्वतःला ना प्रेम हवंय ना लग्न. त्याला हवाय भाडेकरू: भाडं वेळेवर देणारा, ओला-सुका कचरा नीट वेगळा करणारा, मांजराला खायला घालणारा. दोघांची नावं अशी, की मुलाचीही असू शकतात आणि मुलीचीही. मध्यस्थ मित्रांच्या गोंधळात तिला वाटतं घरमालक बाई आहे, त्याला वाटतं भाडेकरू पुरुष आहे. कामाच्या वेळा उलट, त्यामुळे एका छपराखाली राहूनही भेट नाही, फक्त फोनवर निरोप. आणि त्या निरोपांतून दोघं एकमेकांवर खूश. कचऱ्याच्या वर्गीकरणावरून जुळलेलं असं दुसरं जोडपं मी पडद्यावर पाहिलेलं नाही.

पुढे दोघं करारानं लग्न करतात. तिला खोली मिळते, त्याला हप्त्यासाठी भाडं मिळतं, आणि त्याच्या आईवडिलांची ‘लग्न कधी’ ही भुणभुण थांबते. करारलग्न ही कोरियन मालिकांतली जुनीच युक्ती आहे. पण बाकीच्या मालिकांत करार होतो तो श्रीमंत वारसदाराला आजोबांची गादी हवी असते म्हणून, नाहीतर नायिकेच्या बापानं कर्ज करून ठेवलेलं असतं म्हणून. इथे करार होतो तो महिन्याचा हिशोब बसावा म्हणून. टेबलाच्या दोन बाजूंना दोन थकलेली माणसं बसून आकडे मांडतात. एका जपानी मालिकेनं वर्षभर आधी असंच पगारी करारलग्न दाखवलं होतं, आणि तुलना तेव्हाही झाली. मला ती तुलना वावगी वाटत नाही. टोकियोत आणि सोलमध्ये एकाच सुमाराला लेखकांना लग्नाकडे घरकामाचा आणि भाड्याचा करार म्हणून बघावंसं वाटलं, यातून त्या दोन शहरांबद्दल बरंच कळतं.

आता भावाकडे गेलेल्या त्या घराबद्दल. कायद्यानं कोरियन मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तो १९९१ पासून. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं पुरुषालाच कुटुंबप्रमुख मानणारी ‘होजू’ नोंदपद्धत घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती संपली. २००५ हे साल आपल्याही ओळखीचं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. महाराष्ट्रानं तर ते १९९४ मध्येच केलं होतं. तरी आजही आपल्याकडे सातबाऱ्यावरून बहिणींची नावं हक्कसोड पत्रानं कमी होतात, आणि सही करताना बहिणीच म्हणतात, ‘माहेर तुटायला नको.’ माझ्या नात्यातल्या एका मावशीनं अशी सही केली त्या दिवशी भावजयीनं पुरणपोळी केली होती. मावशी ती गोष्ट अजून कौतुकानं सांगते. मला ती ऐकवत नाही. जी-होच्या घरात तर सहीचीही गरज पडत नाही. बाप हयात असतानाच मुलाला देतो, आणि त्याचा हिशोब त्या घरात कुणी मागत नाही. जी-हो भांडत नाही, बॅग भरते. जी-होची भूमिका करणाऱ्या जंग सो-मिननं हे ज्या शांतपणे केलंय ते बघताना जास्त त्रास होतो, कारण हे तिला नवीन नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

घर नसणं म्हणजे डोक्यावर छप्पर नसणं एवढंच नाही, हे मालिका लगेच दाखवते. राहायला जागा नाही म्हणून जी-हो कामाच्या ठिकाणच्या खोलीत मुक्काम करते, आणि तिथे चित्रीकरणाच्या चमूतला एक माणूस रात्री तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. ती निसटते. वरिष्ठ ते दारूच्या भरातली चूक म्हणून मिटवू बघतात, तिनंच समजून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा. ती ते काम सोडून रात्री एका लांब बोगद्यातून एकटी चालत निघते. वेग मंद, गाड्यांचे दिवे, तिचं मनातलं बोलणं. विनोदी मालिकेच्या पहिल्याच काही भागांत हे दृश्य आहे. अनेकांनी तिथेच टीव्ही बंद केला असणार, कारण त्यांना हलकंफुलकं काहीतरी हवं होतं. मला त्या बोगद्यापाशी ही मालिका आपली वाटली.

तिची मैत्रीण ऊ सू-जी मोठ्या कंपनीत आहे, हुशार आहे, महत्त्वाकांक्षी आहे. पुरुष सहकारी तिच्या शरीरावर शेरे मारतात आणि ती हसून वेळ मारून नेते. तिला खपवून घ्यायची सवय झालीय असं नाही. बैठकीत चिडलेली बाई बढतीच्या यादीतून जाते हे तिला पक्कं ठाऊक आहे. एसोमनं ही भूमिका इतक्या बारकाव्यानं केलीय की तिच्या हसण्याचे वेगवेगळे प्रकार मोजता येतात. हे सगळं नोव्हेंबर २०१७ पर्यंत दाखवून झालं होतं. २९ जानेवारी २०१८ ला सरकारी वकील सो जी-ह्यॉन यांनी जेटीबीसीच्या बातम्यांत बसून वरिष्ठानं आपल्याशी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल देशासमोर सांगितलं, आणि कोरियातली ‘मी टू’ चळवळ उसळली. त्यानंतरच्या महिन्यांत नाटक, चित्रपट, राजकारण, साहित्य अशा क्षेत्रांतले बडे बडे हादरले. मालिकेनं भाकीत केलं असा माझा दावा नाही. जे सगळ्या बायकांना आधीच माहीत होतं ते तिनं दोन महिने आधी, रात्रीच्या जेवणाच्या वेळेनंतर, घराघरांत बोलून टाकलं.

आणि आता तो भाग, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. से-हीच्या घरी ‘जेसा’ असतो. जेसा म्हणजे पितरांचा विधी, आपल्या श्राद्धाच्या जवळ जाणारा. पूर्वजांच्या नावानं पानं मांडायची, ठरलेले पदार्थ ठरलेल्या जागी. वाकून नमस्कार पुरुषांनी करायचे; चिरायचं, परतायचं, तळायचं, धुवायचं बायकांनी, त्यातही सुनेनं. जी-हो करारातली बायको. या कामाचा करारात उल्लेख नाही. पण सासू बोलावते, आणि ‘चांगली सून’ म्हणवून घ्यायची हौस नसतानाही ती जाते, आणि दिवसभर राबते. तिला कुणी मारलं नाही, कुणी अपमान केला नाही. सासू दुष्ट नाही, उलट प्रेमळच आहे. इथे लेखिकेनं फार समजून लिहिलंय. छळणारी सासू दाखवली असती तर प्रेक्षक तिच्यावर राग काढून मोकळे झाले असते. इथे राग काढायला माणूस सापडत नाही, उरतो तो फक्त ओटा आणि त्यावरचा ढीग.

से-हीला हे कळतं तेव्हा तो अस्वस्थ होतो. त्याचं बोलणं यंत्रासारखं सपाट, ली मिन-कीनं सोळा भाग तो सूर सोडलेला नाही. दुसरा कुणी नायक असता तर फुलं आणली असती, पाय चेपले असते. से-ही हिशोब करतो. माझ्या घरी तू बिनपगारी श्रम केलेस, म्हणजे मी तुझं देणं लागतो. आणि ते फेडायला तो नामहेला, तिच्या माहेरी जातो, ‘किमजांग’साठी. किमजांग म्हणजे थंडीपूर्वी हिवाळाभर पुरेल एवढी किमची घालायचा सोहळा. कोबीचे ढीग मिठात मुरवायचे, मसाला पाना-पानाला चोळायचा. २०१३ मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण असतं, आळीतल्या बायका एकमेकींकडे जातात, तसंच हे. सोलचा ॲपवाला जावई वाकून दिवसभर कोबी चोळतो. गावातल्या बायकांना अप्रूप, त्याची कंबर मोडलेली.

मला कोरियन मालिकांमधली कितीतरी छत्र्यांखालची आणि पहिल्या बर्फातली चुंबनं आठवतात. पण प्रेमाची इतकी नेमकी व्याख्या मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिली नाही. तुझे श्रम मला दिसले, मी त्यांची नोंद केली, आणि मी तेवढंच करून दाखवीन. ‘मदत करतो’ हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही. आपल्या घरातले पुरुष फार तर ‘मी हिला मदत करतो’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात काम कुणाचं हे ठरून गेलेलं असतं. कोरियाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत नवरा-बायको दोघं नोकरी करत असलेल्या घरांत बायको दिवसाला तीन तास सात मिनिटं घरकाम करत होती आणि नवरा चोपन्न मिनिटं. त्याच वर्षीच्या भारतातल्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ जवळपास पाच तास निघाला, पुरुषांचा दीड तासाच्या थोडा वर. एका विनोदी मालिकेतला सपाट चेहऱ्याचा माणूस कोबीच्या ढिगापाशी हीच वजाबाकी करत असतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे मालिकेनंतर पाच वर्षांनी, सुंगक्युनक्वान या कन्फ्यूशियन परंपरेच्या मुख्य संस्थेनं जाहीर केलं, की सणाच्या नैवेद्यात तळणीच्या पदार्थांची सक्ती नाही, मुळात परंपरेतही ती नव्हती. सणानंतर सुनांच्या पाठी धरतात, भांडणं होतात, घटस्फोटापर्यंत प्रकरणं जातात, यासाठी कोरियन भाषेत वेगळा शब्द रुळला, तेव्हा कुठे ही घोषणा आली. ती आली याचा मला आनंदच आहे. पण इतकी वर्षं ज्यांनी तेलापाशी उभं राहून तळलं, त्यांना परंपरेतच हे नव्हतं असं आता सांगणं, हे ऐकून त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं ठीक आहे, पण शेवटी ती प्रेमाची विनोदी मालिका. नायक-नायिका देखणे, शेवट गोड, घराचा प्रश्न निमित्तापुरता. गंभीर विषयासाठी गंभीर नाटक हवं. मला हे पटत नाही, आणि मराठी माणसाला तर पटूच नये. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’वर आपण गेली पस्तीसेक वर्षं हसतोय. त्यात काय आहे? पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही. घरमालकीणबाईंना जोडपीच हवीत. म्हणून दोन पुरुषांना साड्या नेसाव्या लागतात. खोलीची अडचण काढून टाका, सिनेमाच उरत नाही. शहरात जागा मिळवण्यासाठी माणसं काय काय सोंगं करतात हे समाजशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा आपल्या विनोदानं जास्त खरं नोंदवून ठेवलं. जी-हो आणि से-ही त्याच सोंगाचे सोलमधले वारसदार आहेत. विनोद टिकतो तोच, ज्याच्या पोटात खरी अडचण असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि मी तो मान्य करते. मालिकेचा उत्तरार्ध ढिला आहे. से-हीच्या जुन्या प्रेमाची गोष्ट येते आणि तिथे मालिका बाकीच्या मालिकांसारखी होते: योगायोग, लपवालपवी, अश्रू. शेवटच्या भागांत जी-हो करार मोडायचं ठरवते आणि का ते नवऱ्याला सांगत नाही. ज्या जोडप्याची ताकद सगळं टेबलावर मांडण्यात होती, त्यातली एक व्यक्ती अचानक गप्प होते, हे मला आजही पटत नाही. पण तिच्या गप्प होण्यामागची ओढ मला कळते. जी-होला डॉरिस लेसिंगची एक कथा सापडलेली असते. त्यातली संसारी बाई एका हॉटेलची एकोणीस नंबरची खोली भाड्यानं घेते, फक्त एकटी बसायला. आपल्याही आत अशी एक खोली आहे, नवऱ्यालाही दाखवायची नसलेली, हे जी-हो त्या कथेवरून ओळखते. तिच्या गोष्टीची सुरुवात राहायला खोली नसण्यापासून झाली होती, हे लक्षात ठेवून हा भाग पुन्हा पाहिला की तो ढिला असला तरी पोकळ वाटत नाही. शेवटी दोघं नव्यानं एकत्र येतात ते पुन्हा करार लिहून, या वेळी स्वतःच्या अटींवर.

आणखी एक जोडपं म्हणजे जी-होची दुसरी मैत्रीण हो-रांग आणि तिचा प्रियकर वॉन-सोक. गच्चीवरच्या एका खोलीत ते कित्येक वर्षं एकत्र राहिलेत. तिला लग्न हवंय, मूल हवंय, सगळ्यांसारखं साधं घर हवंय. तो स्टार्टअप करणारा, खिशात काही नाही. गच्चीवरची खोली कोरियन मालिकांत नेहमी रम्य दिसते: खाली शहराचे दिवे, वर चांदणं. इथे ती उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात गोठते. तरुण मुलींना लग्न नकोच असतं असा समज ज्यांचा आहे त्यांनी हो-रांगकडे बघावं. तिच्याइतकं लग्न कुणालाच हवं नसेल. तिला अडवतं ते मन नव्हे, महिन्याअखेरची शिल्लक. आणि लग्नाला घाबरणारी सू-जी? तिच्या डोक्यावर अपंग आईची जबाबदारी आहे, आणि लग्न म्हणजे आणखी एका घराच्या ओट्याची जबाबदारी, हे गणित तिनं केव्हाच करून ठेवलंय. शेवटी ती ती नोकरी सोडते आणि बायकांसाठी ब्रा बनवण्याचा स्वतःचा उद्योग उभा करायला घेते. तिघींच्या तीन इच्छा, तीन वेगळ्या वाटा, आणि तिन्ही वाटांवर उभे असलेले अडथळे मात्र तेच.

मालिका संपली त्या वर्षी कोरियात एका बाईमागे सरासरी १.०५ मुलं होती. पुढच्या वर्षी आकडा एकाच्या खाली गेला, ०.९८. २०२३ मध्ये ०.७२, आणि एकट्या सोलमध्ये ०.५५. लग्नं २०१७ मध्ये दोन लाख चौसष्ट हजारांच्या वर झाली होती, २०२३ मध्ये एक लाख चौऱ्याण्णव हजारांच्याही आत. लग्नाशिवाय मूल होणं तिथे अजून विरळाच, म्हणून या दोन आकड्यांची नाळ एकच. २००६ पासून सरकारनं यावर दोनशे अब्ज डॉलरहून जास्त खर्च केल्याचं खुद्द तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं. जून २०२४ मध्ये लोकसंख्येबाबत राष्ट्रीय आणीबाणी असल्याचं जाहीर झालं. एक मोठा बांधकाम उद्योग कर्मचाऱ्यांना प्रत्येक मुलामागे दहा कोटी वॉन देऊ लागला. २०२४ मध्ये आकडा किंचित वर आला, ०.७५, आणि वर्तमानपत्रांत आनंद झाला. मलाही झाला. पण पैशानं मूल विकत घ्यायच्या या धडपडीत मला राहून राहून तो गुलाबी नकाशा आठवतो. प्रश्न अजूनही बाईला विचारला जातोय, तू का नाही. भावाच्या नावानं दिलेल्या घराला, बैठकीतल्या शेऱ्याला, पितरांच्या पानांसाठी तळलेल्या ढिगाला तो विचारला जात नाही. स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत ज्या देशात ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटात सगळ्यात मोठी, तीस टक्क्यांच्या आसपास आहे, तिथे मूल झाल्यावर नोकरी कुणी सोडायची, हे घरात बसून ठरवायलाही लागत नाही.

धोरणं आखणाऱ्यांनी मालिका बघाव्यात असं मी म्हणणार नाही. पण आपण बघणाऱ्यांनी तरी काय बघतोय ते ओळखावं. कोरियन मालिकांचं आपल्याकडचं कौतुक टाळेबंदीनंतर फार वाढलं, आणि त्यातलं बहुतेक कौतुक कपडे, त्वचा, रामेन आणि नायकाच्या नजरेचं आहे. त्यात काही वाईट नाही, मीही रामेन करून खाल्लंय. पण प्रेमकहाण्यांच्या या मोठ्या बाजारात एका लेखिकेनं भाडं, हप्ता, कचरा आणि किमची यांतून प्रेम उभं केलं, आणि मुलींना ‘तुझ्या थकव्याचा हिशोब मागणं म्हणजे प्रेमाचा अपमान नाही’ असं सांगितलं. आपल्या मराठी मालिकांत सून रात्री दहापर्यंत काठापदराची साडी नेसून ओट्यापाशी उभी असते आणि त्या उभं राहण्याला संस्कार म्हणतात. ती उभी आहे तोवर तिचे पाय दुखत असतील, हे दाखवणारा एक भाग कुणीतरी लिहावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

से-हीच्या घरातलं मांजर सुरुवातीला नुसतं ‘मांजर’ असतं. तो त्याला नावच देत नाही. जी-हो राहायला येते आणि त्याला ‘उरी’ म्हणू लागते. उरी म्हणजे आपण, आपलं. कोरियन माणूस एकटा राहत असला तरी ‘उरी जिप’ म्हणतो, आपलं घर. मराठीत आपणही ‘आमच्या घरी’, ‘आमची आई’ म्हणतो, तसं. घराच्या कागदांवर तेव्हा से-हीचं नाव आहे, घराचा मोठा हिस्सा बँकेकडे गहाण आहे, आणि भावाच्या घरातून बाहेर पडलेल्या भाडेकरू मुलीनं, ज्या घरात तिची एक वीटही नाही, त्या घरातल्या मांजराला जमिनीवर बसून खायला घालताना या नावानं पहिल्यांदा हाक मारलेली आहे.